दोन हातांचे टॅपिंग आणि पाच स्वर : मालवण किनाऱ्यावरील एका विद्यार्थ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावातल्या, विशीतल्या तरुणाचे आहे. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून त्याचे, गावाचे आणि भजन मंडळाचे नाव दिलेले नाही. त्याचा उल्लेख सर्वत्र ‘विद्यार्थी’ असाच केला आहे. घरचा ट्रॉलर असून त्यावर तो थोरल्या भावाबरोबर जातो. वडील आता समुद्रावर जात नाहीत, परंतु गावच्या भजन मंडळात ते पेटीची साथ करतात आणि डबलबारीच्या (दोन भजनी बुवांमधील चढाओढीच्या) सामन्यांनाही बुवांबरोबर जातात. म्हणजे ज्या घरात इलेक्ट्रिक गिटार आली त्या घरात स्वरांचा कान आधीपासून तयार होता. पुढे हीच गोष्ट निर्णायक ठरली, मात्र सुरुवातीला गिटार आणि पेटी यांचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो असे त्या घरात कोणालाही वाटत नव्हते.

गिटार मुंबईत नोकरी करणाऱ्या मावसभावाने वापरून दिलेली होती. तारेची दोन टोके जिथे टेकतात त्या नट आणि ब्रिज यांच्यामधले अंतर ६४८ मिलिमीटर, नेकवर (मानेवर) २२ फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, सोबत सरावाचा लहान ॲम्प, अशी ती साधी पण चांगल्या लाकडाची होती. विद्यार्थी मोबाइलवर पाहून कॉर्ड शिकला, नंतर ए मायनर पेंटॅटॉनिक या पाच स्वरांच्या स्केलचा पाचव्या फ्रेटवरचा पहिला साचा (बोटांची ठरलेली मांडणी) शिकला आणि त्यानंतर थेट टॅपिंगकडे वळला. टॅपिंगमध्ये उजव्या हाताचे बोट तार छेडत नाही, तर फ्रेटच्या अलगद मागे तारेवर आपटून स्वर काढते आणि सुटताना तार किंचित खेचून डाव्या हाताने धरलेला खालचा स्वर वाजता करते. तिसरा स्वर डावा हात स्वतःच्या बळावर काढतो. ही पद्धत एडी व्हॅन हेलन यांच्या आधीही काही वादक वापरत होते, परंतु १९७८ मध्ये त्यांच्या बँडचा पहिला अल्बम आल्यानंतर ती जगभरच्या गिटारवादकांच्या तोंडी झाली. आमच्या विद्यार्थ्यालाही त्या वेगाचेच आकर्षण होते.

मी कुडाळला गिटार शिकवतो. तो माझ्याकडे मे महिन्याच्या अखेरीस आला, आणि त्याचे कारण सरळ होते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. वर्षभरात हातात गिटार धरायला सलग वेळ मिळतो तो याच दोन महिन्यांत. त्यानंतर बोटी पाण्यात उतरतात आणि पाठोपाठ गणेशोत्सव येतो. त्याला त्या गणेशोत्सवात, मंडळाच्या भजनात, गिटारवर टॅपिंगचा एक तुकडा वाजवायचा होता.

नेमकी अडचण

पहिल्या भेटीत त्याने जे वाजवले ते दुरून ऐकणाऱ्याला वेगवान आणि भरगच्च वाटले असते. ॲम्पवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम, पुरेपूर होते, प्रत्येक तारेवर डावा हात पाचव्या फ्रेटपासून आणि उजवा हात बाराव्या फ्रेटवर होता, आणि तारांमागून तारा सरकत होत्या. परंतु डिस्टॉर्शन बंद करून तेच हळू वाजवायला सांगितल्यावर तीन वेगवेगळ्या अडचणी दिसल्या, आणि त्या एकमेकींत अडकलेल्या असल्यामुळे त्याला त्या एकच वाटत होत्या. त्याच्या शब्दांत ती अडचण ‘स्पीड पुढे जात नाही’ एवढीच होती.

पहिली अडचण स्वरांची होती. ए मायनर पेंटॅटॉनिकमध्ये ए, सी, डी, ई आणि जी हे पाच स्वर आहेत. बाराव्या फ्रेटवर पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक, तारेवर ई, तिसरीवर जी, चौथीवर डी, पाचवीवर ए आणि सहावीवर पुन्हा ई मिळतो. हे सर्व स्वर स्केलमधलेच आहेत. फक्त दुसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटला बी लागतो आणि तो या पाचांत नाही. तिथे तेराव्या फ्रेटवरचा सी किंवा दहाव्या फ्रेटवरचा ए घ्यावा लागतो. विद्यार्थ्याने टॅपिंग बोटांची एक आकृती म्हणून पाठ केले होते आणि ती आकृती सहाही तारांवर सरळ रेषेत ओढली होती. सहापैकी पाच ठिकाणी ती योगायोगाने जुळत होती, म्हणूनच उरलेली एक जागा चुकते आहे अशी शंकाही त्याला आली नाही.

दुसरी अडचण डाव्या हाताची होती. पहिल्या तारेवर १२–८–५ असे वाजवताना मधला, म्हणजे आठव्या फ्रेटवरचा स्वर जवळजवळ ऐकूच येत नव्हता. तो स्वर करंगळीवर होता. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर पाचव्या आणि आठव्या फ्रेटमध्ये सुमारे ७७ मिलिमीटरचे अंतर असते. एवढा ताण देऊन करंगळीने तार घट्ट दाबून धरायची तर तिच्यात जोर हवा, आणि तो अजून आलेला नव्हता. डिस्टॉर्शन मोठा आवाज दाबते आणि लहान आवाज वर आणते, त्यामुळे मधल्या स्वराचा हा अशक्तपणा झाकला जात होता. त्याच डिस्टॉर्शनमुळे खुल्या तारांची घरघर मात्र वाढत होती. तो वेग वाढवायला बसला की ही घरघर वाढे, आणि ती बुडवण्यासाठी तो आवाज आणखी वाढवी.

तिसरी अडचण वाद्याची होती आणि ती सर्वांत लवकर सुटण्याजोगी होती. दमट खाऱ्या हवेत तारांवर गंज चढला होता. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची तीन मिलिमीटरच्या आसपास होती आणि नेक पुढे वाकलेली होती. अशा गिटारवर टॅपचे बोट तारेला फ्रेटपर्यंत नेण्यातच दमते. याशिवाय एक बारीक गोष्ट मला त्याचा उजवा हात जवळून पाहताना दिसली. बोटीवरच्या दोराने त्याच्या उजव्या तर्जनीच्या टोकाशी भेग पडलेली होती, तिच्या कडा कठीण झाल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी तार सोडताना ती कड तारेत अडकून ‘खर्र’ असा आवाज येत होता. तो आवाज त्याने इतका काळ ॲम्पचाच दोष मानला होता.

विचारात घेतलेले पर्याय

हाताशी जेमतेम दोन महिने होते, म्हणून कोणत्या अडचणीला आधी हात घालायचा हा पहिला निर्णय होता. विद्यार्थ्याचा स्वतःचा कल आहे त्याच आकृतीवर मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत ठोके देणारे यंत्र) लावून रोज थोडा थोडा वेग वाढवावा असा होता. या मार्गाचा फायदा असा की रोज काहीतरी पुढे गेल्यासारखे वाटते. परंतु दुसऱ्या तारेवरचा चुकीचा स्वर आणि न वाजणारी करंगळी या दोन्ही गोष्टी वेगाबरोबर पक्क्या झाल्या असत्या, आणि पक्की झालेली सवय मोडायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त काळ लागतो. हा पर्याय मी स्पष्टपणे नाकारला.

दुसरा पर्याय टॅपिंग पूर्ण बाजूला ठेवून फक्त डाव्या हाताचे हॅमर-ऑन (बोट आपटून स्वर काढणे) आणि पुल-ऑफ (बोट खेचून सोडत स्वर काढणे) पक्के करण्याचा होता. शास्त्राला धरून पाहिले तर हाच सर्वांत योग्य मार्ग ठरला असता. मात्र ज्या गोष्टीच्या ओढीने विद्यार्थी आला आहे तीच काढून घेतली तर तो जुलैपर्यंत टिकेल का, हा प्रश्न होता. कोकणात पावसाळ्यात गावाहून कुडाळला एसटीने येणे हेच एक काम असते. त्यात उत्साह गेला की येणे थांबते.

तिसरा पर्याय टॅबमधील, म्हणजे तारा आणि फ्रेट दाखवणाऱ्या लिपीतील, आकडे सोडून तेच काम सरगममध्ये करण्याचा होता. ए ला सा धरले तर मायनर पेंटॅटॉनिकचे पाच स्वर सा, कोमल ग, म, प आणि कोमल नि असे होतात, म्हणजे धानी रागाचे स्वर. भूपाच्या स्वरांत धैवताला षड्ज मानले की हेच स्वर मिळतात. म्हणूनच गिटारवर सी मेजर पेंटॅटॉनिक आणि ए मायनर पेंटॅटॉनिक यांची बोटे एकाच जागी पडतात. विद्यार्थ्याला शास्त्रीय शिक्षण नव्हते, परंतु लहानपणापासून पेटी ऐकल्यामुळे कानात सरगम होती. तरीही हा पर्याय मी सुरुवातीला दुय्यम मानून ठेवला होता, कारण त्याला स्वतःला भजनाचे संगीत आणि रॉक गिटार ही दोन वेगळी जगे वाटत होती आणि त्याच्यावर ते लादावे असे मला वाटत नव्हते.

हा प्रश्न शेवटी वडिलांनी सोडवला. विद्यार्थी घरी डिस्टॉर्शन बंद करून हळू सराव करू लागल्यावर ते ओट्यावरून ऐकत होते. त्यांनी पेटी पुढे घेतली, त्याचा सा शोधला आणि दुसऱ्या तारेवर तो आला तेव्हा विचारले, “अरे झिला, ह्यो रिषभ खंयसून इलो?” (अरे मुला, हा रिषभ कुठून आला?) बाराव्या फ्रेटवरचा तो बी म्हणजे ए च्या षड्जाला शुद्ध रिषभच. धानीत काही गायक अवरोहात रिषभाचा निसटता स्पर्श घेतात, परंतु इथे तो प्रत्येक फेरीत टॅपच्या जोराने, सर्वांत ठळक स्वर म्हणून येत होता. मी हीच चूक फ्रेटच्या आकड्यांत दाखवली होती आणि ती त्याने वहीत लिहूनही घेतली होती. पण ती त्याला ऐकू आली ती पेटीशेजारी बसल्यावर. त्या आठवड्यापासून पुढचे सर्व काम सरगममध्येच करायचे ठरले.

केलेली कृती

सर्वप्रथम वाद्य दुरुस्त झाले. विद्यार्थी फोंडा घाटाने कोल्हापूरला जाऊन ते नीट करून आला. नेकच्या आतला ट्रस रॉड (तिचा बाक ठरवणारी सळी) थोडा थोडा फिरवून नेक सरळ केली गेली, जाड तारेची उंची बाराव्या फ्रेटवर दोन मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेची दीड मिलिमीटरच्या आसपास आणली गेली, आणि ०.००९ इंचाने सुरू होणारा हलका तारसंच बसवला. याहून खाली उतरवल्यास तारा फ्रेटवर खडखडतात. घरी गिटार पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायची आणि वाजवून झाल्यावर तारा सुक्या कपड्याने पुसायच्या, एवढी शिस्त लावली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे ही काळजी चैन म्हणून घेतली जात नाही.

उजव्या हातासाठी तर्जनीऐवजी मध्यमा निवडली. यामागे दोन कारणे होती. भेगेची कड तारेत अडकणे तर थांबलेच, शिवाय अंगठा आणि तर्जनीत पिक (तार छेडण्याची चकती) धरून ठेवता आले, त्यामुळे पिकने वाजवलेल्या ओळीतून टॅपिंगमध्ये शिरताना हात मोकळा करावा लागला नाही. तर्जनीने टॅप करणे काही चुकीचे नाही आणि ज्यांचा हात त्यावर बसला आहे त्यांनी बदलण्याचे कारण नाही. येथे परिस्थितीमुळे मध्यमा सोयीची ठरली. टॅप सोडताना बोट तारेवरून सरळ वर उचलायचे नाही, तर तळव्याच्या दिशेने किंचित खेचून सोडायचे, हे त्याने आधी एकाच तारेवर, एकाच स्वरावर बसवले.

डाव्या हाताचे काम उजवा हात मांडीवर ठेवून झाले. पाचव्या फ्रेटवरची तर्जनी दाबलेली ठेवून करंगळीने आठव्या फ्रेटवर आपटणे आणि खेचणे, एवढेच, परंतु दोन्ही स्वर सारख्याच आवाजात आले पाहिजेत ही अट होती. पावसात वीज जाते तेव्हा हा सराव ॲम्पशिवाय करायचा असे ठरले, आणि त्याचा अनपेक्षित फायदा झाला, कारण ॲम्पशिवाय दुबळा स्वर लपत नाही. याबाबत एक खबरदारी सांगितली पाहिजे. टॅप केल्यावर तारेचा दोन्ही बाजूंचा भाग कंप पावतो; टॅपच्या बोटापासून ब्रिजपर्यंतचा भाग आपल्याला हवा तो स्वर देतो, तर टॅपचे बोट आणि डाव्या हाताची बोटे यांच्यामधला तुकडाही बारीक किणकिणतो. ॲम्प चालू असताना पिकअप (तारेचा कंप टिपणारा भाग) ब्रिजच्या बाजूला असल्यामुळे तो जवळजवळ ऐकू येत नाही, परंतु ॲम्पशिवाय ऐकू येतो. विद्यार्थी या आवाजाने काही दिवस गोंधळला होता आणि आपला टॅप बेसूर आहे असे समजत होता.

खुल्या तारांच्या घरघरीसाठी नटजवळ केसांचा जाड कापडी रबर गुंडाळला. हे काम फक्त सरावापुरते नाही. या साच्यात कुठेच खुली तार लागत नसल्यामुळे कार्यक्रमातही तो रबर तसाच ठेवता येतो. मात्र रबराच्या भरवशावर हाताची सवय बिघडू नये म्हणून डाव्या तर्जनीचे टोक वरच्या जाड तारेला टेकते ठेवणे, तिचा पोटभाग खालच्या बारीक तारांवर टेकलेला ठेवणे आणि उजव्या तळव्याची कड जाड तारांवर ठेवणे या तिन्ही गोष्टीही सोबत शिकवल्या.

स्वरांचे काम सर्वांत सविस्तर झाले. प्रत्येक तारेवर डाव्या हाताचे दोन आणि टॅपचा एक असे तीन स्वर ठरवून ते गाऊन घेतले. पहिल्या तारेवर पाचव्या, आठव्या आणि बाराव्या फ्रेटला सा, ग, प येतात. दुसरीवर पाचव्या, आठव्या आणि तेराव्याला प, नि आणि वरचा ग. तिसरीवर पाचव्या, सातव्या आणि बाराव्याला ग, म, नि. चौथीवर त्याच जागांवर नि, सा, म. पाचवीवर म, प, सा. आणि सहावीवर पहिलीसारखेच, परंतु दोन सप्तके खाली, सा, ग, प. यात एक सुंदर दुवा आहे. दुसऱ्या तारेवरचा टॅपचा ग आणि पहिल्या तारेवर आठव्या फ्रेटचा ग हे एकाच उंचीचे स्वर आहेत. तार बदलताना विद्यार्थी ज्या ठिकाणी नेहमी अडखळे, त्याच ठिकाणी दोन्ही तारांवर एकच स्वर आहे हे लक्षात आल्यावर त्याला त्या जोडावर धरायला हात मिळाला. आकड्यांत पाहिले तर तेरा आणि आठ यांचे काही नाते दिसत नाही. गाऊन पाहिले तर ते लगेच कळते.

यानंतरचा निर्णय लयीचा होता आणि येथे वडिलांशी बरीच चर्चा झाली. टॅपिंगची रूढ आकृती तीन स्वरांची असते, म्हणजे टॅप आणि डाव्या हाताचे दोन. ती तिश्र जातीत, एका मात्रेला तीन स्वर अशी वाजवली तर आठ मात्रांच्या ठेक्यात आठ गट बरोबर बसतात आणि टॅप प्रत्येक मात्रेवर येतो. पण हाच तीन स्वरांचा गट एका मात्रेला चार स्वर या लयीत वाजवला तर आठ मात्रांत बत्तीस स्वर होतात, त्यात दहा गट बसून दोन स्वर उरतात आणि टॅपचा जोर दर वेळी वेगळ्या जागी पडतो. मुरलेल्या वादकाच्या हातात याच सरकत्या जोराची रंगत येते, पण नवशिक्याला सम सापडत नाही. विद्यार्थ्याचे आजवर नेमके हेच होत होते. तो तीनचा गट चारच्या लयीत रेटत होता आणि मेट्रोनोमपासून सुटत होता, आणि त्याचा दोष हाताच्या वेगाला देत होता.

आम्ही चार स्वरांची आकृती निवडली : प, ग, सा, ग. म्हणजे टॅप, मग करंगळीचा स्वर, मग तर्जनीचा, आणि पुन्हा करंगळीने आपटून वरचा. यात करंगळीला एका फेरीत दोनदा काम पडते हे खरे, आणि म्हणूनच ती निवडू नये असेही एक मत होऊ शकते. मला ते उलट वाटले, कारण जे बोट दुबळे आहे तेच या आकृतीत सतत कानावर येते आणि त्याची उणीव झाकता येत नाही. वडील मांडीवर ठेका धरत, विद्यार्थी मिनिटाला साठच्या लयीत एका मात्रेला चार स्वर वाजवी, आणि चारही स्वर सारखे आले की मगच लय चढवली जाई.

मनगट किंवा करंगळीच्या मुळाशी दुखू लागल्यास त्या दिवशी डाव्या हाताचा सराव थांबवायचा हा नियम पहिल्या दिवसापासून होता. जूनच्या मध्यावर एकदा तशी वेळ आली. दुखणे दाबून वाजवत राहण्याचा त्याचा स्वभाव आहे, समुद्रावर काम करणाऱ्यांचा तो असतोच. परंतु दुखरी शीर सुजली तर पूर्ण हंगाम हातचा जातो हे त्याला पटले. त्या दिवसांत तो पेटीवर धानीचे स्वर शोधत आणि गात बसला.

शेवटचा मोठा निर्णय जुलैअखेर घ्यावा लागला. मंडळ काळी एक (सी शार्प) या पट्टीत गाते, आणि विद्यार्थ्याचा सर्व सराव ए मध्ये, म्हणजे पेटीच्या पांढरी सहामध्ये झालेला होता. काळी एकसाठी पूर्ण साचा चार फ्रेट वर सरकवावा लागतो. डावा हात नवव्या फ्रेटपासून, टॅप सोळाव्यावर, आणि दुसऱ्या तारेवर सतराव्यावर. त्याला हे संकट वाटले होते. प्रत्यक्षात काम सोपे झाले, कारण फ्रेट वर जातील तसे जवळ येतात. पाचव्या ते आठव्या फ्रेटमध्ये जे अंतर ७७ मिलिमीटरचे असते ते नवव्या ते बाराव्यामध्ये सुमारे ६१ मिलिमीटर होते. तेथे करंगळीऐवजी अनामिका सहज पोहोचते. तेव्हा बोट बदलावे की करंगळीच ठेवावी, असा प्रश्न आला. करंगळी आता बऱ्यापैकी तयार झाली होती आणि कार्यक्रम तोंडावर असताना बोटे बदलणे जोखमीचे होते, म्हणून करंगळी तशीच ठेवली.

निष्पत्ती

बुवांनी गिटारला अभंगात किंवा गवळणीत जागा दिली नाही, आणि तो त्यांचा निर्णय योग्यच होता. तिथे शब्द पुढे असतात. जागा मिळाली ती गजरात. पण गजराची लय चढी असते, आणि मंडळाची लय मिनिटाला एकशेवीस मात्रांच्या आसपास जाते. विद्यार्थ्याची मजल तोवर मिनिटाला बहात्तरच्या लयीत एका मात्रेला चार स्वर, म्हणजे मिनिटाला २८८ स्वर, इथपर्यंत स्वच्छ होती. एकशेवीसच्या लयीत तिश्र वाजवायचे तर ३६० स्वर लागले असते आणि चारची लय तर दूरच राहिली. म्हणून एका मात्रेला दोनच स्वर घ्यायचे ठरले. त्याचे मिनिटाला २४० होतात, जे त्याच्या आवाक्यात होते, आणि चार स्वरांचा एक गट बरोबर दोन मात्रांत बसतो. आठ मात्रांच्या आवर्तनात चार गट : पहिल्या तारेवर एक, दुसरीवर दोन, पुन्हा पहिलीवर एक.

गणपतीत त्याने हा तुकडा डिस्टॉर्शन अगदी थोडे ठेवून वाजवला. स्वर स्वच्छ आले, टॅप समेवर आले, आणि मृदंगवादकाने पुढच्या आवर्तनात आपणहून जागा सोडली. एका रात्री दुसऱ्या गावच्या ओसरीवर लय आणखी चढली तेव्हा तो तुकडा अर्ध्यात विस्कटला आणि त्याने हात थांबवून पिकने साधे सा–प धरले. थांबण्याचे हे भान मला त्या तुकड्याइतकेच मोलाचे वाटते, कारण मेमध्ये अशा वेळी त्याने आवाज वाढवला असता.

ज्या वेगाची ओढ घेऊन तो आला होता तो वेग त्याला अजून मिळालेला नाही. तिसरी तारही कच्ची आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या तारेवर डाव्या हाताच्या दोन बोटांत तीन फ्रेटचे अंतर असते, तर तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या तारेवर दोनच. त्यामुळे दुसरीवरून तिसरीवर येताना करंगळी सोडून अनामिका घ्यावी लागते आणि त्या क्षणी लय ढळते. कार्यक्रमातील तुकडा दोनच तारांवर बेतला होता त्याचे कारण हेच.

वेगळे काय करता आले असते

या प्रकरणातील घटनाक्रम पाहता तीन ठिकाणी दुसरी वाट शक्य होती. वाद्याची दुरुस्ती पावसाआधी, मे महिन्यातच झाली असती तर बंदीच्या काळातला सुरुवातीचा वेळ उंच तारांशी झगडण्यात गेला नसता. किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणत्याही गिटारवादकाने वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, तारांची उंची तपासून घ्यावी असे माझे आग्रहाचे मत आहे.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या जागेची. पाचव्या फ्रेटवरचा साचा सर्वत्र पहिला शिकवला जातो म्हणून टॅपिंगही तिथूनच सुरू होते. टॅपिंगपुरते पाहिले तर नवव्या फ्रेटपासून सुरुवात करणे हाताला अधिक सोयीचे आहे. ताण सोळा मिलिमीटरने कमी होतो, दुखण्याचा धोका घटतो, आणि विद्यार्थ्याचे मंडळ काळी एकमध्ये गात असल्यामुळे पट्टीही पहिल्या दिवसापासून तीच राहिली असती. करंगळीचा जोर नंतर खाली सरकत सरकत वाढवता येतो. यावर एक आक्षेप असा की वरच्या फ्रेटवर सवय झालेला हात खाली आल्यावर पुन्हा अडतो. तो आक्षेप खरा आहे, परंतु तोवर टॅप, खेच आणि तारा दाबून ठेवणे या तीन गोष्टी बसलेल्या असतात आणि अडचण एकट्या ताणाची उरते.

तिसरी गोष्ट पेटीची. ती पहिल्या आठवड्यापासून शेजारी असती तर दुसऱ्या तारेवरचा रिषभ वहीत लिहून घ्यायची गरजच पडली नसती. ज्या घरात पेटी नाही तिथे मोबाइलवरचा तानपुरा हेच काम करतो. सा लावून ठेवायचा आणि टॅपचा प्रत्येक स्वर त्यावर थांबवून ऐकायचा.

सध्या बोटी समुद्रावर आहेत आणि सराव बंदरात परतल्यावर जमेल तसा होतो. पुढच्या टप्प्यासाठी त्याला एकच काम दिले आहे : डिस्टॉर्शनशिवाय, साठच्या लयीत, दुसऱ्या तारेवरून तिसरीवर आणि परत, प–नि–ग वरून ग–म–नि. हे बसले की चौथी आणि पाचवी तार फार वेळ घेणार नाहीत, कारण त्यांवरची बोटे तिसरीसारखीच आहेत, आणि त्यानंतरच तीन स्वरांची आकृती तिश्र लयीत हाती घ्यायची आहे.